एका चेअरभोवती सहा जण: दातांचं निदान गटात कसं शिकवायचं

एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) करून कोल्हापुरातल्या किंवा आसपासच्या एखाद्या डेंटल कॉलेजात लेक्चरर म्हणून नुकतेच रुजू झाला असाल, तर पहिल्याच आठवड्यात हे चित्र दिसेल. ओपीडीतली एक चेअर, तिच्यावर राधानगरीकडून सकाळच्या एसटीनं आलेला पेशंट आणि भोवती थर्ड इयरची बारा पोरं. पहिल्या दोघांना तोंडातलं दिसतं. मधल्या चौघांना पहिल्या दोघांचे खांदे दिसतात. उरलेल्यांना मोबाइल दिसतो. तुम्ही मिरर-प्रोब घेऊन तपासता, दोन मिनिटांत "फॉर्टी-सिक्स, इर्रिव्हर्सिबल पल्पायटिस, आरसीटीला पाठवा" म्हणता (म्हणजे खालची उजवी पहिली दाढ, आतली नस परत बरी न होण्याइतकी सुजलेली, रूट कॅनाल करा) आणि बारा पेनं एकदम चालू लागतात. बारा केस शीट पूर्ण होतात. निदान एकट्या तुम्ही केलेलं असतं.

मीही पहिली काही वर्षं असंच शिकवलं, कारण मला तसंच शिकवलेलं होतं. त्याची किंमत मला माझ्या इंटर्नशिपमध्येच कळायला हवी होती. पन्नाशी ओलांडलेले एक काका आले होते. उजव्या बाजूच्या खालच्या दोन दाढा आधीच कुठंतरी काढून झालेल्या, दुखणं जसंच्या तसं. तिसरी काढा म्हणाले. मी चिठ्ठीवर एक्स्ट्रॅक्शन लिहून मोकळी झाले. शेजारच्या चेअरवरची माझी बॅचमेट सहज म्हणाली, "काका, रात्री झोप लागते का?" काका म्हणाले, "झोपल्यावर काय न्हाई हो. सकाळी तोंड धुताना नुसता हात लागला की करंट बसतो." दाढेचं दुखणं असं वागत नाही. तो ट्रायजेमिनल न्यूराल्जिया होता, चेहऱ्याच्या नसेचं दुखणं. तिसरी दाढ वाचली ती एका प्रश्नामुळं, आणि तो प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता, तिच्या आला होता. गटात शिकवायचं म्हणजे असे योगायोग ठरवून घडवून आणायचे.

आधी स्वतःला आवरा

निदानाची माहिती पुस्तकात असते, पोरं ती पाठही करतात. अडतं ते माहिती वापरायच्या क्रमापाशी. काय आधी विचारायचं, दोन-तीन शक्यता एकाच वेळी मनात कशा धरायच्या, कुठली कशामुळं सोडायची, हे सगळं आपल्या डोक्यात इतक्या भर्रकन होतं की पोरांना ते दिसतच नाही. दोघं जण एकमेकांना "का?" विचारू लागले की मात्र ते ऐकू येतं. तुम्हालाही ऐकू येतं, आणि पोराचं नेमकं कुठं चुकतंय ते तिथंच सापडतं.

तालमीत वस्ताद काठावर असतो. जोड लावून देतो, बघत राहतो, पट्ठा सारखा एकाच डावात अडकला की एखादा शब्द टाकतो. स्वतः हौद्यात उतरून प्रत्येकाची कुस्ती मारत बसला, तर पट्ठे तयार कसे व्हायचे? नव्या लेक्चररला हेच सगळ्यात जड जातं. ताजं एमडीएस असतं, उत्तर ओठांवर असतं. नियम एकच पाळा: प्रत्येकानं स्वतःचं उत्तर आणि त्यामागचं एक कारण कागदावर उतरवल्याशिवाय तुम्ही निदान उच्चारायचं नाही. बाकीच्या सगळ्या युक्त्या या नियमाच्या आधारानं उभ्या आहेत.

गट लावणं

बारा जणांचे दोन गट करा, सहा-सहाचे. सहाच्या वर गेलात की दोघं बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. एक गट चेअरवर असताना दुसऱ्याला एक्स-रे वाचायला बसवा (त्याबद्दल पुढं आहेच), अर्ध्या तासानं अदलाबदल.

रोल नंबरनं गट पाडू नका. मैत्रिणी-मैत्रिणींचेही नकोत. मी दोन गोष्टी बघते. पहिली, प्रत्येक गटात इथली बोली कळणारं किमान एक जण हवं. आपल्याकडं बरीच पोरं जिल्ह्याबाहेरून, राज्याबाहेरून येतात. बाई "मी काल आलो होतो" म्हणाली की त्यांचा पार गोंधळ उडतो. कोल्हापुरात बायका असंच बोलतात हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. निपाणी-चिकोडीकडचे पेशंट आले तर कानडी येणारा एखादा असला की सोनं. "हल्लु नोवु" एवढं आपल्यालाही कळतं, पण पुढचे दहा प्रश्न विचारायचे कसे? दुसरी गोष्ट, बोलकी आणि अबोल पोरं गटागटांत वाटून द्या.

मग कामं नेमून द्या. एकानं विचारायचं, एकानं तपासायचं, एकानं पेशंटचे शब्द जसेच्या तसे लिहायचे, एकानं घड्याळ आणि तपासण्यांची नोंद सांभाळायची. पाचव्याला मी "आडवा" म्हणते. गटाचं जे मत होईल त्याच्या आडवं जायचं, एवढंच त्याचं काम. सहाव्यानं शेवटी अर्ध्या मिनिटात सगळी केस तोंडी मांडायची. दर आठवड्याला कामं बदला, नाहीतर बोलका पोरगा जन्मभर विचारत राहील आणि अबोल पोरगी जन्मभर लिहीत राहील.

दुखण्याचे शब्द गोळा करा

हे पाऊल कुठल्याही शिक्षण-पद्धतीच्या पुस्तकात सापडायचं नाही, पण माझ्या मते पहिला महिना याच्यावर घालवला तरी चालेल. पेशंट "शार्प, लोकलाइज्ड, इंटरमिटंट पेन" असं सांगत नाही. त्याच्याकडं स्वतःचे शब्द असतात आणि ते आपल्या शब्दांपेक्षा नेमके असतात. गटाला एक वही द्या. रोज ऐकलेला एक शब्द तिच्यात लिहायचा, त्याच्यापुढं पेशंटनं केलेली हाताची खूण, आणि खाली पुढचा प्रश्न.

माझ्या जुन्या वहीतलं थोडं देते. "दात आंबल्यात" किंवा "शिवशिवतंय" म्हटलं की बहुतेकदा डेंटिन, म्हणजे दाताच्या कवचाखालचा थर, उघडं पडलेलं असतं. विचारा: ब्रश कुठला, घासता कसं, गार काढून घेतल्यावर लगेच थांबतं का? "सणक जाते" म्हटलं तर कधी ते विचारा. घास चावताना की दात उचलताना? चावा सोडताना सणक येत असेल तर चीर गेलेल्या दाताचा संशय धरायचा. "ठणकतंय" हा शब्द आला, पेशंट गालावर हात दाबून बसलाय, आडवं झालं की वाढतं म्हणतोय, तर पल्पकडं, म्हणजे दाताच्या आतल्या नसेकडं, बघा. "कानात कळ मारतीय" म्हटलं की पोरं ईएनटीची चिठ्ठी लिहायला धावतात. आधी त्याच बाजूच्या खालच्या दाढा बघा. "दाढ उंच झाल्यासारखी वाटतीय, दातावर दात टेकवंना" हे मुळाच्या टोकाशी सूज असल्याचं पेशंटनं केलेलं वर्णन आहे, अ‍ॅपिकल पेरिओडॉन्टायटिसचं याहून सोपं वर्णन मला कुठं सापडलेलं नाही. आणि "करंट बसल्यागत" हे ऐकलं की फोर्सेप (दाढ काढायचा चिमटा) खाली.

"झोंबतंय" हा शब्द वेगळ्या पानावर. कोल्हापूरचा माणूस "तांबडा रस्सा तोंडात घेववंना" म्हणाला, तर ती तक्रार साधी समजू नका. विशी-तिशीतला तरुण असेल तर आधी तोंड किती उघडतं ते मोजा. पट्टीनं वरच्या-खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर घ्या. मोठ्या माणसात ते साधारण ३५ ते ५० मिलिमीटर असतं. त्याची स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का हे बघणं तर कुठंही जमतं. मग गालाची आतली बाजू चाचपा, दोरीसारखे पट्टे लागतात का बघा. सबम्यूकस फायब्रोसिसची, म्हणजे तोंडाचं आतलं अस्तर कडक होऊन तोंड उघडेनासं करणाऱ्या आजाराची, सुरुवात पुष्कळदा याच तक्रारीनं होते.

सवयींच्या प्रश्नांचंही तसंच. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, त्यामुळं "गुटखा खाता का?" या प्रश्नाला "न्हाई" हेच उत्तर येणार. "मावा? सुपारी? दिवसाला पुड्या किती होत्यात?" असं विचारलं की बोटं मोजली जातात. बायकांना "तंबाखू?" विचारलं तर "अगं बाई, नको नको" म्हणतील. "मिश्री लावता का, मावशी?" म्हटलं की "तेवढी लावते, दिवसातनं तीनदा" असं सहज सांगतील. भाजलेल्या तंबाखूला त्या तंबाखू म्हणतच नाहीत. केस शीटवर "हॅबिट्स: निल" लिहिलेलं दिसलं की प्रश्न कुठल्या शब्दांत विचारला ते मी आधी विचारते.

ऊसतोडीच्या हंगामात बीडकडची माणसं येतात, त्यांचे शब्द आणखी वेगळे. वहीत त्यांच्यासाठी पानं सोडा.

एक इशारा मात्र वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा: शब्द म्हणजे निदान नव्हे. शब्द पुढचा प्रश्न सुचवतो, बस्स.

केसेस जमवणं

रोज चेअरवर शिकवण्याजोगा पेशंट मिळेलच असं नाही, म्हणून आठ-दहा केसेस तयार ठेवा. आपल्याच ओपीडीतल्या जुन्या केसेस घ्या. पेशंटची लेखी संमती मराठीत, त्याला वाचून दाखवून घ्यायची. नाव, गाव, चेहरा काढून टाकायचा. तोंडाचे फोटो पोरांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकायचे नाहीत, हे पहिल्याच दिवशी कडक शब्दांत सांगा.

दुर्मीळ केसेसचा मोह टाळा. नव्या शिक्षकाला अमेलोब्लास्टोमा (जबड्यातली एक गाठ) दाखवायची हौस असते. पोरांना मात्र उद्या गडहिंग्लज नाहीतर मलकापुरात दवाखाना टाकल्यावर रोज पल्पायटिस, हिरड्यांचे आजार, अक्कलदाढेभोवतीची सूज आणि न भरणारे व्रण दिसणार आहेत. त्यातही दिसायला सारख्या आणि निघायला वेगळ्या अशा जोड्या निवडा. रिव्हर्सिबल आणि इर्रिव्हर्सिबल पल्पायटिस. वरच्या दाढेचं दुखणं आणि सायनसचं दुखणं, ज्यात वरच्या मागच्या बऱ्याच दाढा एकदम दुखतात आणि खाली वाकलं की जोर वाढतो. हिरडीच्या कडेनं आलेला गळू आणि मुळाच्या टोकाचा गळू.

पंचवीस मिनिटांचं सत्र

तीन मिनिटं: पेशंटची तक्रार त्याच्याच शब्दांत. तपासणी नाही, एक्स-रे नाही.

दोन मिनिटं: पूर्ण शांतता. प्रत्येकानं चिठ्ठीवर दोन शक्यता आणि विचारावासा वाटणारा एक प्रश्न लिहायचा. ही दोन मिनिटं वाया जातायत असं वाटेल आणि बोलायचा मोह होईल. बोलू नका. चिठ्ठी न लिहिता चर्चा सुरू केली की पहिला बोलणारा सगळ्यांचं मत ठरवून टाकतो.

चार मिनिटं: जोडीजोडीनं. एकमेकांची चिठ्ठी वाचायची आणि दोघांत मिळून एक प्रश्न पक्का करायचा. तीन जोड्या, तीन प्रश्न. गटाला तेवढेच मिळतात. प्रश्न मोजून दिले की पोरं ते जपून वापरतात. नाहीतर "डायबिटीस आहे का, बीपी आहे का" पासून छापील यादी सुरू होते. (ती यादी सोडायची नाही. ती केस शीटवर भरायचीच, पण वेगळी.)

आठ मिनिटं: तपासण्या. इथं तुम्ही दुकानदार. पोरांनी मागितलं तरच द्यायचं, आणि मागताना किंमत मोजायला लावायची: "ही तपासणी अशी आली तर तुझं मत कुणीकडं झुकेल?" उत्तर देता आलं नाही तर तपासणी मिळणार नाही. "मॅडम, आयओपीए" (दोन-तीन दातांचा छोटा एक्स-रे) असं नुसतं म्हणणाऱ्याला मी "कशाला?" एवढंच विचारते.

एक मिनिट: सगळ्यांनी एकाच वेळी पाटी वर करायची, तिच्यावर दाताचा नंबर आणि निदान. मी जुन्या एक्स-रे पाकिटांच्या मागच्या बाजूला मार्करनं लिहायला लावते, खर्च शून्य. एकाच वेळी, हे महत्त्वाचं. एकेकाला विचारत गेलात तर तिसऱ्यापासून पुढं सगळे पहिल्या दोघांची री ओढतात.

उरलेल्या वेळेत आधी आडव्यानं बोलायचं, मग ज्यांचं मत बदललं त्यांनी. शेवटची तीन मिनिटं तुमची.

यातला "एकट्यानं विचार, जोडीनं बोल, सगळ्यांत मांड" हा भाग अमेरिकेतल्या फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडला. थिंक-पेअर-शेअर नावानं तो सगळीकडं चालतो. पाटी वर करून मग शेजाऱ्याला पटवायला लावणं हार्वर्डमध्ये फिजिक्स शिकवणाऱ्या एरिक मझूर यांनी गाजवलं. त्यांचा एक आडाखा मला रोज उपयोगी पडतो: साधारण ३० ते ७० टक्के पोरांचं उत्तर बरोबर असेल तेव्हाच आपसातल्या चर्चेला रंग चढतो. सगळ्यांचंच बरोबर आलं तर पुढं चला. जवळजवळ सगळ्यांचं चुकलं तर आधी थोडं शिकवा. ही नावं विभागप्रमुखांना टिपण देताना घालावीत. "पोरांना बोलू देते" म्हटलं की वेळापत्रकात जागा मिळत नाही, "पीअर इन्स्ट्रक्शन" म्हटलं की मिळते.

एक सत्र जवळून

गेल्या पावसाळ्यातलं. दूध संकलनावर काम करणारा, अडतीसचा गडी. उजवीकडं वरच्या बाजूला बोट ठेवून म्हणाला, "हितं लई ठणकतंय बघा. दोन रात्री डोळ्याला डोळा न्हाई." वरच्या पहिल्या दाढेत, म्हणजे १६ मध्ये, जुनं चांदीचं फिलिंग. सहापैकी चौघांनी चिठ्ठीवर १६ लिहिलं. एकानं सायनस. सीमेपलीकडून आलेल्या, एरवी तोंड न उघडणाऱ्या एका मुलीनं लिहिलं होतं: "बोट वर आहे, पण हात फिरवताना कानापर्यंत नेतो. खालचे बघू?"

तीन प्रश्न असे झाले. "दादा, गार पाणी पिलं की काय होतं?" "वाढतंय की. चहानंबी वाढतंय." "वाकल्यावर?" "काय फरक न्हाई." "दुखायला लागलं की किती वेळ?" "तासभर तरी." सायनसवाल्यानं आपली चिठ्ठी गुपचूप उलटी केली. मी ते पाहिलं, पण काही बोलले नाही.

मग कोल्ड टेस्ट मागितली. आमच्याकडं न वापरलेल्या सुयांच्या टोपणांत पाणी भरून बर्फाच्या कांड्या करून ठेवतात. स्प्रे संपलेला असला तरी काम अडत नाही. तपासणाऱ्यानं थेट १६ ला कांडी लावायला हात नेला, तेव्हा आडव्यानं अडवलं: "आधी डाव्या बाजूचा चांगला दात. त्याला गार म्हणजे किती गार ते कळू दे." बरोबर होतं. शिवाय मागच्या दातापासून पुढं यायचं, कारण वितळलेलं पाणी मागं ओघळून न तपासलेल्या दाताला लागलं तर उत्तरं खोटी येतात. दादांना सांगितलं, गार लागलं की हात वर, थांबलं की खाली.

१६ ला हात वर गेला आणि कांडी काढताच खाली आला. शेजारच्या दाढांचंही तसंच. मग खालची बाजू. ४७, म्हणजे खालची दुसरी दाढ, ठीक. तिच्या पुढच्या ४६ ला कांडी टेकली मात्र, हात वर गेला आणि वरच राहिला. घड्याळवाला मोठ्यानं मोजत होता. दहा, वीस, तीस. चाळिसाच्या पुढं त्यानं मोजणं सोडलं. दादांच्या डोळ्यांत पाणी, आणि म्हणाले, "हीच ती!"

४६ वरून धडधाकट दिसत होती. आयओपीएमध्ये मागच्या बाजूनं, ४७ ला टेकते तिथून, कीड आत पल्पपर्यंत गेलेली. पल्पचं दुखणं वरच्या जबड्यातून खालच्या जबड्यात आणि उलटं फिरतं, बाजू मात्र ओलांडत नाही, हे चौघांनीही परीक्षेत लिहिलेलं होतं. त्या दिवशी ते त्यांना पहिल्यांदा कळलं. मी शेवटच्या तीन मिनिटांत फक्त एवढं विचारलं: "बर्फाची कांडी नसती तर आज कुठली दाढ उघडली असती?"

एक्स-रेसाठी वेगळी रीत

एक्स-रे वाचताना पोरं थेट काळ्या डागावर उडी मारतात. म्हणून जोडीतल्या एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं पाठ करून बसायचं. वाचणाऱ्यानं ठरलेल्या क्रमानं सांगायचं: दात कुठला, क्राउन, पल्प चेंबर, मुळं, लॅमिना ड्युरा (मुळाभोवतीची हाडाची पांढरी रेघ), हाड. पाठमोऱ्यानं ऐकून कागदावर चित्र काढायचं. शेवटी चित्र आणि एक्स-रे शेजारी ठेवायचे. चित्रात जे राहिलं ते बघणाऱ्याच्या नजरेतून निसटलं, किंवा त्याला सांगता आलं नाही. भांडणं भरपूर होतात आणि त्यातूनच शिकणं होतं.

यासाठी एक केस हमखास ठेवा: खालच्या दुसऱ्या प्रीमोलरच्या (उपदाढेच्या) टोकाशी गोल काळा डाग. निम्मी पोरं "पेरिअ‍ॅपिकल लीजन, आरसीटी" लिहितात. दात कोल्ड टेस्टला व्यवस्थित उत्तर देतो, लॅमिना ड्युरा अखंड आहे, कोन बदलून घेतलेल्या दुसऱ्या फिल्ममध्ये डाग मुळापासून सरकतो. तो मेंटल फोरामेन असतो, नसेची नैसर्गिक वाट. दुसरी फिल्म मात्र कुणी मागितली तरच काढा.

पांढऱ्या चट्ट्यांसाठी जिगसॉ

डिफरन्शियल डायग्नोसिस, म्हणजे सारख्या दिसणाऱ्या आजारांतून नेमका ओळखणं, शिकवायला ही पद्धत मला सगळ्यात आवडते. १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं पहिल्यांदा एका वर्गात बसू लागली, तेव्हा त्यांच्यातली तेढ कमी व्हावी म्हणून एलियट अ‍ॅरनसन या मानसशास्त्रज्ञानं ती काढली. प्रत्येकाकडं कोड्याचा एकच तुकडा द्यायचा, म्हणजे दुसऱ्याची गरज पडतेच.

बारा पोरं, चार विषय, म्हणजे तोंडात पांढरट दिसणारे चार आजार: ल्युकोप्लाकिया, लायकेन प्लानस, कँडिडायसिस, सबम्यूकस फायब्रोसिस. आधी एकेका विषयाची तिघं एकत्र बसतात आणि तो विषय घोटतात: कसा दिसतो, गॉजनं पुसला जातो का, हाताला कसा लागतो, कुणाला होतो, कधी बायोप्सी. मग नवे गट पाडायचे, चौघांचे तीन, प्रत्येकात चारही विषयांचं एकेक जण. आता त्यांच्यापुढं फोटो ठेवा आणि माहिती नसलेली केस द्या. कँडिडावाला "गॉज घासून बघा, निघालं तर माझं" म्हणतो, लायकेनवाली "दोन्ही गालांना जाळीसारख्या रेषा आहेत का?" विचारते, ल्युकोप्लाकियावाला शेवटी राहतो, कारण बाकी सगळं वगळल्यावरच त्याचा नंबर. ही वगळण्याची रांग वहीत लिहून शिकता येत नाही, ती अशी उभी करून दाखवावी लागते.

अडचणी येणारच

जिवंत पेशंटवर गटसत्र घेताना पंचवीसपैकी दहा-बारा मिनिटांच्या वर त्याला गुंतवू नका. परवानगी आधी, आणि बोलणं मराठीत, त्याच्या डोक्यावरून इंग्रजीत नको. सूज आहे, ताप आहे, तोंड उघडत नाही, गिळताना त्रास होतोय, असा पेशंट शिकवायला वापरायचा नाही. त्याला सरळ उपचारासाठी पुढं न्यायचं, चर्चा नंतर.

हुशार पोरगा सगळं बोलून टाकतो? त्याला महिनाभर लिहिण्याचं काम द्या. कुणी काहीच करत नाही? चिठ्ठ्या नावानिशी गोळा करा, सत्र झाल्यावर वाचा, आणि दोन ओळी लिहून परत द्या. सगळा गट एकमतानं चुकला तर मात्र उत्तर सांगू नका. त्यांच्या निदानात न बसणारी एकच गोष्ट पुढं ठेवा आणि पाच मिनिटं चहा पिऊन या.

सगळ्यात मोठी कुरकुर कोट्याची असते. "मॅडम, इतके फिलिंग, इतके एक्स्ट्रॅक्शन करायचेत, चर्चेत वेळ जातो." खरं आहे, जातो. म्हणून आठवड्याला दोनच सत्रं ठेवा आणि गटात झालेल्या केसचं काम त्याच गटातल्या कुणाच्या तरी कोट्यात धरा. कुरकुर निम्मी होते.

मार्कांबद्दल थोडक्यात: विद्यापीठाच्या परीक्षेत पोरगं एकटंच असणार, म्हणून गटाला मार्क नकोत. मार्क एकट्याच्या चिठ्ठीला, तेही कारणाला. बरोबर निदान आणि चुकीचं कारण असेल तर मी अर्धेच देते, त्यावरून वाद होतात, होऊ देत.

निकालाची वही

हे पाऊल जवळजवळ सगळेच विसरतात. पोरं निदान करतात, पोस्टिंग बदलतं, पुढं काय झालं ते त्यांना कधीच कळत नाही. म्हणून आणखी एक वही. केसचा नंबर, गटाचं निदान, आणि तिसरा रकाना कोरा. आरसीटी झाली, बायोप्सीचा रिपोर्ट आला, दोन आठवड्यांनी व्रण भरला की नाही ते बघितलं, की गटातल्या कुणीतरी येऊन तो रकाना भरायचा. दोन आठवड्यांनंतरही व्रण तसाच असेल तर रकान्यात तारीख आणि "बायोप्सीला पाठवलं" एवढं त्याच दिवशी आलं पाहिजे.

दूधवाल्या दादांच्या केसपुढं त्या अबोल मुलीनं लिहिलंय: "४६, आरसीटी सुरू. त्याच रात्री झोप लागली." आणि खाली दुसऱ्या अक्षरात, ज्यानं सगळ्यात ठासून १६ म्हटलं होतं त्यानं: "१६ ला कुणीही हात लावलेला नाही."